मोठ्या भावाची टेप

मुलीच्या गणवेशाची बाजूची शिवण मास्तरांनी त्या वर्षात तिसऱ्यांदा उसवायला घेतली, तेव्हा खिशात काहीतरी कुरकुरलं. चॉकलेटचा कागद असेल असं त्यांना वाटलं. तसा तो नेहमीच असायचा. पण निघाली चार घड्या घातलेली शाळेची चिठ्ठी. वर शाळेचा शिक्का, खाली नर्सबाईंची सही, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. ‘आपल्या मुलीचा रक्तदाब तीन वेगवेगळ्या दिवशी तपासला. वयाच्या मानाने तो जास्त आहे, वजनही जास्त आहे. मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.’

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मुलं आणि हृदयरोग हे शब्द एका ओळीत बसतात हेच त्यांना तोवर माहीत नव्हतं. त्यांनी ब्लेड टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, आणि उरलेली शिवण उसवून दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच वाढवून दिला. एवढं वाचूनही आपला हात थांबला कसा नाही, याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. पण दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि मुलीला गणवेश घट्ट होऊन चालणार नव्हतं.

हे मास्तर शाळेत शिकवणारे नव्हेत, शाळेचे कपडे शिवणारे. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यात दोन मशीनं, एक कटिंगचं टेबल, खुंट्यांवर लटकलेले बिनबाह्यांचे शर्ट. आणि वरच्या मजल्यावर घर. मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. आसपासच्या तीन शाळांचे गणवेश याच खोलीतून बाहेर पडत. वय एक्कावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात टेप, आणि टेपच्या दोन टोकांच्या मधे एक ऐसपैस पोट. कटिंग करताना ते टेबलाच्या कडेला टेके. इतकी वर्षं टेकून टेकून त्या जागचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

दारातून कुणी आत आलं की मास्तरांना चेहऱ्याच्या आधी कंबर दिसे. पण तोंडाने आकडा उच्चारायचा नाही, ही त्यांची रीत. मूल जाड असलं तर ते आईला म्हणत, “हाडपेर मोठं आहे हो,” आणि निमूटपणे पँटीला मागून इलॅस्टिक घालत, पिनाफोरच्या चुण्या दोन बोटं खालून सोडत, रेघा उभ्या येतील असं कापड फिरवत. “माझ्या दुकानातून कुणी जाड होऊन बाहेर पडत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आया खूश, मुलं खूश, मास्तरांचा धंदा बरा चाललेला. गंमत म्हणजे पूर्वी जेवढ्या कापडात सहावीचा वर्ग निघे तेवढ्यात आता चौथीचाही निघेना, आणि मास्तर कापडवाल्याच्या नावाने बोटं मोडत, की लबाडाने पन्हा कमी केला. पन्हा तेवढाच होता. मुलांच्या कमरा वाढल्या होत्या आणि ते आकडे मास्तरांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दुकानात दोन टेपा ठेवायच्या नाहीत, हा त्यांचा दुसरा नियम. तो त्यांच्या मोठ्या भावाचा, दादाचा. दुकान मूळचं दादाचं, आणि मास्तर हाताखाली शिकलेले. “एका कारखान्यातल्या दोन टेपासुद्धा सारख्या निघत नाहीत,” दादा सांगायचा. “ज्या टेपने माप घेतलंस तिनेच कापड काप. मग टेप खोटी असली तरी कपडा खरा होतो.” दादा एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. भर दुपारी, हातात खडू, टेबलावर पसरलेला कोटाचा कपडा; नुसता ‘जरा बसतो’ म्हणाला आणि बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, एवढा धट्टाकट्टा माणूस, खात्यापित्या घरचा, लहानपणापासून कसा गुटगुटीत होता! मास्तरांनी त्याच्या गळ्यातली टेप काढून आपल्या गळ्यात घातली. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. पितळी टोक झिजून पातळ झालं होतं, पुसलेले आकडे मास्तर दर वर्षी शाईने गिरवत, पण टेप बदलायचं नाव काढत नसत.

आणि मुलगी? तिला सगळे बटण म्हणत. लग्नानंतर चौदा वर्षांनी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. दीड किलोचा जीव. काचेच्या पेटीत ठेवली होती तेव्हा मास्तरांनी बाहेरून पाहिलं, तर तिची मूठ कोटाच्या बटणाएवढी. त्या महिन्यात नवराबायकोंच्या मनात भीतीने जे घर केलं ते कायमचं. मुलगी घरी आली, आणि दोघांनी तिला भरवायला सुरुवात केली. दूध सायीसकट, पावाला लोणी बोटभर, वर साखर. ताटात काही उरलं तर आईचा चेहरा उतरे. पहिल्या वर्षातच बटण अंगाने भरली आणि येणारीजाणारी माणसं गालगुच्चे घ्यायला लागली, तेव्हा मास्तरांना वाटलं, चला, वाचली. तेव्हापासून तिच्या गालांकडे पाहिलं की त्यांचा जीव भांड्यात पडे. ती अकरा वर्षांची झाली तरी हे तसंच चालू होतं.

“बटण, ही चिठ्ठी?” मास्तरांनी त्या संध्याकाळी विचारलं.

“विसरले द्यायला,” ती म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. कोणती मुलगी काय विसरते आणि काय विसरत नाही, हे आईला बरोबर कळतं. तिने चिठ्ठी वाचली आणि देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवली.

मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई बोलायला शांत होत्या. त्यांनी छातीवर जेलीसारखं काहीतरी लावून पडद्यावर हृदय पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, नर्सकडून उंची आणि कंबर मोजून घेतली. उंची एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, कंबर ऐंशी. मग बटणला बाहेर माशांची काचपेटी बघायला पाठवून त्यांनी दार लोटलं.

“आज तिच्या हृदयाला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे आधी नीट ऐका. पण रक्तदाब चढलेला आहे, रक्तातली चरबी जास्त आहे, आणि हृदयाची भिंत जराशी जाडीकडे झुकते आहे. हे असंच चालू राहिलं तर रक्तवाहिन्या लहान वयातच कडक व्हायला लागतात. तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. बिल येतं ते तिशी-चाळिशीत. घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास?”

मास्तरांनी दादाबद्दल सांगितलं.

“लहानपणी ते कसे होते?”

“गुटगुटीत,” मास्तर म्हणाले, आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडताना पहिल्यांदाच त्यांना कसातरी लागला.

“दीड किलोचं मूल होतं, तुम्ही घाबरून खाऊ घातलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ कुणीही घातलं असतं. पण अशी मुलं झपाट्याने अंगाने भरली की पुढे जास्तच जपावं लागतं. मला एक सांगा, हिला कपडे भराभर घट्ट होत असतील. तेव्हा लक्षात नाही आलं?”

मास्तरांच्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं. “हिला कपडे कधी घट्ट झालेच नाहीत,” ती म्हणाली.

मास्तर खाली मान घालून गळ्यातली टेप चाचपत राहिले. दुकानातून तसेच उठून आले होते, टेप काढायची राहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी काय करायचं ते सांगितलं. उपाशी ठेवायचं नाही, पोर वाढीला लागलेली आहे. बाटलीतली गोड पेयं बंद, येताजाता बिस्किटं बंद, रोज तासभर चालणं किंवा खेळणं, वेळेवर झोप. आणि हे तिच्या एकटीसाठी नाही, अख्ख्या घरासाठी. “कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. म्हणजे आज चौऱ्याहत्तरच्या आत. दर रविवारी मोजा, वहीत लिहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.”

“हे तुम्ही मला सांगताय?” मास्तर पहिल्यांदाच हसले.

“बरं, मास्तर. आणि तुमची स्वतःची तपासणी?”

“मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत.”

पहिला रविवार पाच दिवसांनी आला. या पाच दिवसांत मास्तरांनी काय काय केलं नाही! शाळेतून परत येणाऱ्या बटणच्या पायांचा आवाज ते जिन्यावर मोजत. नवव्या पायरीवर ती थांबे. तिथे तिचा श्वास ऐकू येई, फास्-फूस, फास्-फूस, मग उरलेल्या पाच पायऱ्या. दुपारी ती आडवी झाली की काहीतरी शोधायच्या निमित्ताने ते वर जात आणि तिची छाती वरखाली होते का ते बघत. बाहीचं माप घेतो म्हणून तिचं मनगट धरत आणि अंगठ्याखाली नाडी शोधत. नाडी सापडली की घाबरत, कारण ती जोरात वाटे; सापडली नाही की जास्तच घाबरत. कापड बेतताना दोनदा चुकले. काज करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मास्तर, या शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्यात. शाळेला दोन डाव्या हातांचं पोर आलंय की काय?”

रविवारी सकाळी मास्तरांनी टेप लावली. सत्त्याहत्तर.

त्यांनी पुन्हा लावली. सत्त्याहत्तरच. पाच दिवसांत तीन सेंटिमीटर! मास्तर मोठ्याने हसले, बटणला त्यांनी कडेवर घ्यायचा प्रयत्न केला आणि कमरेत उसण भरवून घेतली. ती हसली, आई हसली, घरात किती दिवसांनी कुणीतरी हसत होतं. आई मात्र हसून झाल्यावर म्हणाली, “अहो, इतक्यात एवढं उतरतं का?”

“माझ्या टेपवर शंका?” मास्तर म्हणाले. “अगं, सव्वीस वर्षांत एक गणवेश परत आला नाही.”

मावशींनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पाच दिवसांत तीन? मलाही द्या त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता.”

झालं. माणसाला चिंता झेपत नाही, ती खाली ठेवायला तो जागा शोधतच असतो. मास्तरांना सत्त्याहत्तर हा आकडा सापडला. चालायला जाणं दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोज झालं, तिसऱ्यात एक दिवसाआड, मग गणवेशांचा हंगाम आला आणि राहिलंच. बिस्किटांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला होता, तो हळूहळू खाली उतरला. गुण येतोय ना, मग एखादं खाल्लं तर काय बिघडतं? आणि गुण येतच होता. साडेशहात्तर. शहात्तर. साडेशहात्तर. पंचाहत्तर. दर रविवारी वहीत आकडा पडे, मास्तर हसत, आणि तो रविवार घरात सगळ्यांत बरा जाई.

फक्त जिना ऐकत नव्हता. नववी पायरी, फास्-फूस. आकडा खाली येत होता आणि श्वास जिथल्या तिथे होता. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती एकदा टेप लावतानाही चुकचुकली होती. बटणचं पोट बोटांखाली टणक लागलं होतं, आणि शिंप्याच्या बोटांना टणक पोटाचा अर्थ कळतो. दुकानात कुणी गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं की मास्तर लगेच म्हणत, “श्वास सोडा. माझ्याशी कसली चोरी?” दिवसातून दहादा म्हणत. पण त्या रविवारी ते गप्प बसले. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि साडेचौऱ्याहत्तर लिहून टाकलं. चौऱ्याहत्तरला आता अर्धाच सेंटिमीटर उरला होता.

तीन महिन्यांनी ते तिघं पुन्हा दवाखान्यात गेले, तेव्हा मास्तरांनी वही नव्या पिशवीत घातली होती. पेढीवर ठेवावी तशी त्यांनी ती नर्सच्या पुढ्यात ठेवली. नर्सने आधी उंची घेतली, एकशे एकोणपन्नास. मग कमरेला टेप लावली, श्वास सोडायला लावून, आणि म्हणाली, “एक्क्याऐंशी.”

“काय?”

“एक्क्याऐंशी, काका. मागच्या वेळी ऐंशी होती.”

“बाई, तुमचं काहीतरी चुकतंय,” मास्तर म्हणाले. आवाज चढला होता. बाहेर बसलेली माणसं आत डोकावायला लागली. “मी शिंपी आहे. तेहतीस वर्षं हाच धंदा करतोय. काल-परवा टेप हातात धरलेल्या माणसाने मला माप शिकवू नये.” बटण दोघांच्या मधे उघड्या पोटाने उभी होती. तिने हळूच फ्रॉक खाली ओढला.

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी मास्तरांची टेप मागून घेतली, दवाखान्याची टेप तिच्या शेजारी टेबलावर पसरली, आणि दोन्हींची सुरुवातीची टोकं जुळवून एका वजनाखाली दाबली.

दहापर्यंत दोघी बरोबर चालल्या. वीसच्या पुढे दादाची टेप मागे पडायला लागली. तिचा पन्नासचा आकडा दुसरीच्या बावन्नजवळ आला. आणि जिथे तिच्यावर अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं, तिथे शेजारच्या टेपवर एक्क्याऐंशी होतं.

“कापडी टेप आहे, मास्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ओढून ओढून ताणली गेली. ताणलेली टेप कमीच दाखवणार.”

सव्वीस वर्षं! मास्तरांच्या ध्यानात आलं, की दुकानात ही चूक कधी कळणारच नव्हती. ज्या खोट्या टेपने माप, तिनेच कटिंग. कपडा दर वेळी अंगावर चपखल बसत गेला. दादा म्हणाला होता तसंच. फक्त दादाच्या नियमात एकाच मुलीचं माप मावत नव्हतं, जिच्यासाठी कापड बेतायचं नव्हतं, नुसता आकडा हवा होता. पहिल्या रविवारी तीन सेंटिमीटर उतरले नव्हते. काहीच उतरलं नव्हतं. त्या खोट्या तिनाच्या भरवशावर त्यांनी चालणं सोडलं, डबा खाली काढला, तीन महिने हसत घालवले.

रक्तदाब होता तेवढाच होता, उलट वरचा आकडा दोनने अधिक. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा सगळं समजावलं, म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, तीन महिने गेले ते गेले. औषधाचं पुढच्या खेपेला ठरवू. निघताना त्यांनी दवाखान्यातली एक नवी टेप मास्तरांच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर मास्तर मनातल्या मनात मांडत होते. खरी एक्क्याऐंशी म्हणजे दादाच्या टेपवर अठ्ठ्याहत्तर दिसायला हवी होती. मग वहीत साडेचौऱ्याहत्तर कुठून आले? साडेतीन सेंटिमीटर कुठे गेले? उत्तर त्यांना माहीत होतं. बोटांना तर केव्हाच माहीत होतं, त्यांनीच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

घरी आल्यावर ते बटणच्या शेजारी जमिनीवर बसले. “बटण, रविवारी माप घेताना तू पोट आत घेत होतीस?”

तिने फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, “पहिल्या रविवारी नाही घेतलं.”

“आणि नंतर?”

“पहिल्या रविवारी तू किती हसलास, बाबा. त्याच्या आधी किती दिवस तू हसतच नव्हतास. आई पण. सगळी माझ्याकडे अशी बघायची, की मी मरणार आहे.” “मग मी ठरवलं, आकडा दर रविवारी थोडा थोडा कमी करायचा. मला वाटलं, तुला कळेल आणि तू म्हणशील, श्वास सोड. तू कुणालाही सोडत नाहीस. पण तू काहीच म्हणाला नाहीस.”

मास्तरांना रडू आलं. ते लपवायची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी लपवता आलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात बिस्किटांचा डबा. तिने तो तसाच खाली नेऊन मावशींना देऊन टाकला. मावशी म्हणाल्या, “म्हणजे आता माझ्या कमरेवर उठलात होय?” आणि डबा झाकण लावून टेबलाखाली सरकवला.

पुढचा रविवार. दादाची टेप गुंडाळून मशीनच्या खणात गेली होती; तिच्या जागी गळ्यात काही नसल्यामुळे मास्तरांचा हात सारखा छातीशी जाऊन रिकामा परत येत होता. टेबलावर बटणचा गणवेश पडला होता. बाजूला घट्ट झाला होता, आणि सवयीने मास्तरांनी ब्लेड उचललं.

“उसवू नकोस,” बटण म्हणाली.

“अगं, टोचेल काखेत.”

“टोचू दे. तू दर वेळी मोठा करतोस, मला कळतच नाही. मुली चिडवतात तेव्हाच कळतं.”

“कोण मुली?”

“असतात. ते मी बघेन. तू उसवू नकोस.”

मास्तरांनी ब्लेड ठेवून दिलं. त्यांनी नवी टेप घेतली, बरगडी चाचपली, हाड चाचपलं, आणि म्हणाले, “श्वास सोड.” तिने सोडला. एक्क्याऐंशी. त्यांनी ते वहीत लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. कुणी हसलं नाही, पण कुणी रडलंही नाही.

“आता तू,” बटणने टेप काढून घेतली.

“मी काय?”

“तुझं माप कोण घेतं?”

मास्तरांना आठवेना. शिंप्याचं माप कोण घेणार? जुनी पँट समोर ठेवून ते नवी कापत आणि दर खेपेला अंदाजाने बोटभर वाढवत. दादाचंही माप कुणी घेतलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं टेप त्याच्या गळ्यात होती, कमरेभोवती ती एकदाही गेली नव्हती.

“बाबा, हात वर.”

तिचे हात मागे पोचेनात. म्हणून तिने टेपचं एक टोक त्यांना धरायला दिलं आणि स्वतः त्यांच्याभोवती एक फेरी मारून पुढे आली. मास्तरांनी नकळत पोट आत ओढलं होतं. अगदी गच्च. बटणने टेप जुळवली, बोटाने पोट दाबून बघितलं, आणि हुबेहूब त्यांच्या दुकानातल्या आवाजात म्हणाली, “श्वास सोडा. माझ्याशी कसली चोरी?”

मास्तरांनी श्वास सोडला. टेप तिच्या बोटांतून सरकत सरकत पुढे गेली.

“एकशे सात,” ती म्हणाली. मग जिन्याच्या भिंतीला उभं करून तिने त्यांची उंची घेतली, एकशे सहासष्ट. निम्मे किती ते तिने विचारलं नाही. वहीत आपल्या आकड्याखाली तिने त्यांचा आकडा लिहिला, दोन्हींवर एकच तारीख टाकली, आणि वही मिटली.

“चल, चपला घाल,” ती म्हणाली.

दोघं तासभर चालले. कापडवाल्याच्या दुकानावरून, शाळेच्या बंद फाटकावरून, नदीच्या पुलापर्यंत आणि परत. फारसं बोलले नाहीत. घरी आले तेव्हा बटण पुढे होती, मास्तर मागे. सवयीप्रमाणे ते पायऱ्या मोजायला लागले. सात, आठ, नऊ. नवव्या पायरीवर ती थांबली. मास्तरांनी कान दिला. फास्-फूस, फास्-फूस, तोच आवाज, पण आज जरा मोठा, आणि वरून येत नव्हता. ते स्वतः पाचव्या पायरीवर कठडा धरून उभे होते. वर बटण तोंड मिटून, मान वळवून, त्यांचा श्वास ऐकत त्यांच्यासाठी थांबली होती.